शेजारी राजांचे दफ्तर

भाताच्या खाचरांच्या मुलखात ज्याचा जन्म गेला, त्याला वाटेचा तंटा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नेरळच्या आसपास कोणत्याही गावी जा. एकाच्या जमिनीतून निघून दुसऱ्याच्या खाचरात पोचणारी एखादी गाडीवाट तेथे असतेच. आजे-पणजे त्या वाटेने गेले, बैल गेले, भारे गेले. कोणी कोणाला काही विचारले नाही. मग एके वर्षी दोन घरांत वितुष्ट येते, वाटेवर काट्या पडतात, आणि प्रकरण तहसीलदारांच्या कचेरीत जाते. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा व १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील १४३ वे कलम ही दोन्ही याच भांडणांसाठी आहेत. कायद्याची ही नावे ज्याला ठाऊक नसतील, त्यालाही त्यांतील प्रश्न तोंडपाठ असतात. जमीन मूळ कोणाची? वाट किती वर्षांची? आणि त्या वाटेने नेमके काय काय जात होते? औताचे बैल व भाताची गाडी नेण्याची वहिवाट सिद्ध झाली, म्हणून त्याच वाटेने काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली पन्नास माणसे नेण्याचा हक्क सिद्ध होतो काय?

नेमका हाच तंटा १९५५ साली हॉलंडमधील हेग शहरी आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला, आणि सव्वाचार वर्षांनी निकालात निघाला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. वाट दमणहून दादरा व नगर हवेलीला जाणारी. पुरावा म्हणून पुढे आलेल्या कागदांत पुणे दरबारचा १७७९ चा तह आणि त्यामागून निघालेल्या सनदा होत्या. महायुद्धांनंतरच्या जगाने उभारलेल्या न्यायासनापुढे 'जहागीर' आणि 'सरंजाम' या आपल्या शब्दांचा काथ्याकूट झाला, ही गोष्ट मराठी वाचकाच्या मनात असावी तितकी नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास लिहिणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न आम्ही या वाटेनेच मांडणार आहो. राष्ट्राराष्ट्रांची भांडणे दिल्ली-लंडनमध्ये बसून सोडवावयाची, त्यांच्याशी नेरळचा काय संबंध, असे म्हणणाऱ्यालाही त्यात आपल्या बांधाची खूण पटेल.

प्रथम या अभ्यासाचा जन्म कसा झाला ते पाहू. राजांचे तह आणि वकिलाती यांचा इतिहास जुनाच आहे. परंतु विसाव्या शतकात त्याला निराळी निकड आली ती १९१४ ते १९१८ च्या महायुद्धामुळे. युद्धाला जबाबदार कोण, या प्रश्नावर कोट्यवधींची देणी व राज्यांच्या सीमा अवलंबून होत्या. १९१७ च्या नोव्हेंबरात रशियात बोल्शेविकांच्या हाती सत्ता येताच त्यांनी झारशाहीच्या कपाटांतील गुप्त करार छापून टाकले. मग जर्मनीने १९२२ ते १९२७ या काळात आपल्या परराष्ट्र खात्यातील कागदांचे चाळीस खंड काढले. ते बाहेर पडू लागल्यावर इंग्लंडलाही गप्प राहणे कठीण झाले, आणि १८९८ पासून युद्धाच्या आरंभापर्यंतचे ब्रिटिश कागद निवडून छापण्याचे काम जी. पी. गूच व हॅरॉल्ड टेंपर्ले या दोघांकडे आले. १९२६ ते १९३८ या काळात त्याचे अकरा खंड निघाले.

यांतील टेंपर्ले केंब्रिजचे प्राध्यापक. महायुद्धात लष्करी कचेरीत काम केलेले, पॅरिसच्या तह-परिषदेस हजर राहिलेले, आणि त्या परिषदेचा सहा खंडांचा इतिहास संपादिलेले. म्हणजे सरकारच्या घरातले गृहस्थ. तथापि या दोघा संपादकांनी खंडांच्या प्रस्तावनेत एक वाक्य घातले, त्याचा आशय असा की, आमच्या मते महत्त्वाचा असलेला एखादा कागद गाळण्याचा आग्रह झाला, तर आम्ही हे काम सोडून देऊ. सरकारच्याच खर्चाने निघणाऱ्या पुस्तकाच्या तोंडी सरकारलाच दिलेली ही ताकीद होती. टेंपर्ले १९३९ च्या जुलैत वारले. दोन महिन्यांच्या आत दुसरे महायुद्ध पेटले. त्यांच्या खंडांनी ते टळले नाही. इतिहासकाराच्या हातात युद्धे टाळण्याची शक्ती नसते. पण युद्ध झाल्यावर त्याविषयी खोटे बोलणे कठीण करून ठेवावे, एवढे तो करू शकतो, आणि तेही थोडे नव्हे.

त्याच पॅरिस परिषदेत हिंदुस्थानचेही प्रतिनिधी होते. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची सही हिंदुस्थानच्या वतीने झाली. ज्या देशाला स्वतःचे परराष्ट्र धोरण नव्हते तो तहावर सही करून मोकळा झाला! नुसता तह वाचणारास हिंदुस्थान स्वतंत्र वाटेल. नुसता दिल्ली-लंडनचा पत्रव्यवहार वाचणारास ती सही म्हणजे एक देखावा वाटेल. आणि तरीही त्याच सहीच्या आधारे हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद झाला, हेही खरे. शब्द एक सांगतो, व्यवहार दुसरे सांगतो, आणि कालांतराने त्या दोहोंतून तिसरेच निष्पन्न होते. या शास्त्राची सारी अडचण आणि सारी गोडी येथेच आहे.

आता आपल्या घरात येऊ. मराठी माणसांपैकी ज्याने राज्याराज्यांच्या संबंधांचा अभ्यास आयुष्यभर एकाच निष्ठेने केला असे नाव विचारले, तर आम्ही पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर हे नाव घेऊ. जन्म १८९४, गोव्यातील सत्तरी महालात पिसुर्ले गावी, मृत्यू १९६९. त्यांच्या लेखनाचा विषय सतराव्या-अठराव्या शतकांचा, हे आम्हास ठाऊक आहे. परंतु ज्या कागदांवर त्यांनी आयुष्य वेचले, त्याच जातीचे कागद त्यांच्या हयातीत दोन राष्ट्रांच्या भांडणात साक्षीला उभे राहिले. त्यामुळे विसाव्या शतकातील आंतरराष्ट्रीय संबंधांचा विचार त्यांना वगळून आपल्याला करता येत नाही.

गोव्याचे दफ्तर फार जुने. १५९५ साली त्याची स्थापना झाली व इतिहासकार दियोगु द कोतु हा त्याचा पहिला रक्षक झाला. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांनी होई, म्हणून त्याच्या बांधीव पुस्तकांना मान्सूनची पुस्तके म्हणत. दुसरी एक माळ आहे तिचे नाव 'शेजारी राजे'. मराठे, सावंत, सोंधेकर, हैदर, टिपू या सर्वांशी झालेली लिहापढी त्यात आहे. हे नाव आम्हास फार आवडते. शत्रू म्हटले नाही, मित्रही म्हटले नाही; शेजारी म्हटले. शेजाऱ्याशी भांडण होते, उसनवारी होते, वाटेचा तंटा होतो. पण तो उठून कोठे जात नाही, आणि आपणही जात नाही.

पिसुर्लेकर १९३० साली या दफ्तराचे प्रमुख झाले, आणि पोर्तुगेज अंमल संपेपर्यंत, सुमारे तीन दशके, ते तेथे होते. त्याआधीच, १९२६ पासून, 'पोर्तुगेज आणि मराठे' ही त्यांची पोर्तुगीज भाषेतील लेखमाला पणजीच्या वास्कु द गामा संस्थेच्या पत्रिकेतून निघू लागली होती. पुढे १९५२ मध्ये पोर्तुगेजांच्या देशी वकिलांवरील ग्रंथ निघाला. १९५३ ते १९५७ या काळात गोव्याच्या राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० या वर्षांतील ठरावांचे पाच खंड निघाले. आणि १९५५ मध्ये त्या दफ्तरांचा मार्गदर्शक निघाला. अखेर १९६७ साली पुणे विद्यापीठाने त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला.

या कामाचे मोल आमच्या रायगड जिल्ह्याला तरी वेगळे सांगावे लागू नये. रेवदंड्याचा कोट आणि समोरचे कोर्लई ही पोर्तुगेजांची ठाणी १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर लवकरच मराठ्यांकडे आली. त्या कोटाच्या भिंतींतून आज नारळी-पोफळीची बने आहेत. पण त्या भिंतींआडची माणसे त्या दिवसांत काय बोलत होती, दारूगोळा किती उरला होता, हे जाणू इच्छिणाऱ्याला पणजीच्या दफ्तराचे दार ठोठवावे लागते. आपला इतिहास शेजाऱ्याच्या कपाटात असतो, तो असा.

एक उदाहरण देतो. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले, तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर इतका हबकला की, त्याने आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेविअरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला व राज्याच्या रक्षणाचा भार संताच्या माथी दिला. ही हकीकत शत्रूच्या स्वतःच्या तोंडची आहे, म्हणून तिला मोल आहे. ती वाचून मराठी माणसाची छाती फुगते. परंतु त्याच सुमारास साष्टी व बारदेश या महालांत मराठी फौजेने काय लूट केली याच्याही नोंदी त्याच दफ्तरात आहेत. पहिली पाने उतरून घेऊन दुसरी न उघडता परतणाऱ्याला संशोधक म्हणता येत नाही. तो दफ्तरात शिरलेला वकील होय. पिसुर्लेकरांच्या ग्रंथांत दोन्ही पाने भेटतात, आणि त्यांची थोरवी आमच्या मते यातच आहे.

त्यांच्या वकिलांवरील ग्रंथाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दोन राज्यांमधला बोलण्याचा धागा बहुधा एखाद्या तिसऱ्याच माणसाच्या हाती असतो. शिवाजी महाराजांकडे पोर्तुगेजांच्या वतीने बोलणी करणारा रामोजी शेणवी कोठारी हा अशांपैकी एक. चाकरी पोर्तुगेजांची, भाषा आपली. दोन्ही दरबारांत ऊठबस, आणि दोन्हीकडे थोडा संशय. अशा हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी वकिलांची चरित्रे पिसुर्लेकरांनी कागदांतून उकरून काढली. परराज्याच्या पदरी राहून दोन भाषांमध्ये प्रामाणिक कसे राहावे, हा त्या वकिलांपुढचा प्रश्न होता. ग्रंथ लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न तरी याहून वेगळा होता काय?

कारण वर्षे कोणती होती ते पाहा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले आणि गोव्यातील सत्याग्रहाचे पर्व सुरू झाले. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली व त्यांची रवानगी पोर्तुगालच्या तुरुंगात झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि त्याच १९५५ साली त्याच सरकारच्या दफ्तराचा प्रमुख आपल्या दफ्तरांचा मार्गदर्शक छापीत होता. तरुण वाचकास येथे ठेच लागेल. बाहेर माणसे मरत असताना आत कागदांच्या याद्या करणे हे कोणत्या देशभक्तीत बसते?

आम्ही हा प्रश्न टाळीत नाही. ज्यांनी तुरुंग भोगला व प्राण दिले, त्यांच्या त्यागाची बरोबरी यादी करणाऱ्याच्या श्रमाशी करता येणार नाही, आणि कोणी करूही नये. परंतु दुसरी बाजूही आहे. राज्य जाते, दफ्तर राहते. जाणारा राज्यकर्ता कागद नेतो, जाळतो किंवा नुसते कुजू देतो. १९६१ साली गोव्याचे दफ्तर भारताच्या हाती आले, ते नुसत्या कागदांचे ढीग म्हणून आले नाही. त्याची वाट दाखविणारा ग्रंथ सहा वर्षे आधीच छापून तयार होता. त्या कपाटांत काय आहे हे एकदा जगजाहीर झाले म्हणजे त्यातील पान नाहीसे करणे कोणालाही, जुन्या धन्याला काय किंवा नव्या धन्याला काय, सोपे राहत नाही. गूच आणि टेंपर्ले यांनी जे एका वाक्याने बजावले, ते येथे यादी छापून साधले गेले.

आता पुन्हा त्या वाटेच्या तंट्याकडे वळू. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पनवेलला उतरली आणि बोरघाट चढून वर गेली. म्हणजे आजच्या खालापूर-खोपोलीच्या अंगानेच तिचा रस्ता होता. १७७९ च्या जानेवारीत वडगावला ती कोंडली गेली व तिला तहाची बोलणी करावी लागली. इंग्रजांनी पुढे तो तह झुगारला आणि युद्ध चालूच राहिले. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगेज इंग्रजांना मिळू नयेत, ही पुणे दरबारची गरज होती. त्याच वर्षी पोर्तुगेजांशी तह झाला. त्याच्या सतराव्या कलमाने बारा हजार रुपये वसुलाची गावे दमणच्या बाजूला पोर्तुगेजांना लावून देण्याचे ठरले. १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्याकडे गेली. दमण समुद्राकाठी, ही गावे आत डोंगराकडे, आणि मधली जमीन दुसऱ्याची. वाटेचा प्रश्न त्या दिवशीच जन्मास आला; फक्त मधल्या जमिनीचा धनी सैल होता तोवर तो निजून राहिला.

१८१८ साली तो धनी बदलला. मराठ्यांच्या जागी इंग्रज आले, १९४७ मध्ये इंग्रजांच्या जागी स्वतंत्र भारत आला. १९५४ च्या जुलैत दादरा व ऑगस्टच्या पूर्वार्धात नगर हवेली पोर्तुगेजांच्या हातून सुटली. विविध पक्षांच्या व दलांच्या स्वयंसेवकांनी ती सोडविली, आणि त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे होती. दमणहून फौज आत धाडण्यास भारत सरकारने वाट दिली नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला, आणि २२ डिसेंबरला भारतावर फिर्याद दाखल केली. आठ दिवसांत एवढी घाई! भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. त्यांपैकी चार न्यायालयाने १९५७ च्या नोव्हेंबरात फेटाळल्या, दोन मूळ दाव्याबरोबर ऐकण्यासाठी राखून ठेवल्या. मुंबईचे मुख्य न्यायाधीश राहिलेले म. क. छागला हे भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून त्या पीठावर बसले होते.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, मराठ्यांनी ही गावे आम्हास सार्वभौम म्हणून दिली, तेव्हा तेथे जाण्याची वाटही त्यातच आली. न्यायालयाने तहाच्या निरनिराळ्या प्रती व सनदा पाहिल्या. मराठ्यांनी इतर तहांत जेथे मुलूख कायमचा तोडून दिला, तेथे तसे स्पष्ट शब्द घातले होते. येथे मात्र शब्द जहागीर आणि सरंजाम हे होते. सरंजाम म्हणजे वसूल खाण्याचा अधिकार, राज्य नव्हे. न्यायालयाने हे मान्य केले. पेशव्यांच्या कारकुनाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी जो शब्द जपून योजिला, तो समुद्रापार परक्या न्यायाधीशांपुढे टिकला.

येथे टाळ्या वाजवून उठणारे पुष्कळ आहेत, आणि आमची तक्रार त्यांच्याविषयी आहे. निकाल येथे संपत नाही. न्यायालय पुढे म्हणाले की, मराठ्यांनी राज्य दिले नव्हते हे खरे. परंतु इंग्रज आले तेव्हा पोर्तुगेज तेथे सर्व सत्ता चालवीत होते, इंग्रजांनी ती वस्तुस्थिती म्हणून व ओघाने मान्य केली, आणि नंतर भारतानेही ती अबोलपणे चालू दिली. म्हणजे सनदेने न दिलेले वहिवाटीने आले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माणसे, मुलकी अधिकारी आणि माल त्या वाटेने जात होता. तेव्हा तेवढ्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी सिद्ध झाला. अशी रूढी दोनच राज्यांमध्ये असू शकते काय, या शंकेला न्यायालयाने उत्तर दिले की, दोघांत ती का असू नये हे आम्हास समजत नाही. आमच्या खाचरांतील शेतकऱ्यालाही ते समजले नसते!

परंतु काठ्या-कुऱ्हाडींचा प्रश्न उरलाच होता. फौज, शस्त्रधारी पोलीस आणि दारूगोळा यांच्याविषयी वहिवाट निराळी निघाली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगेज तहात एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या मुलखात मागणी केल्याखेरीज शिरू नये असे होते, आणि शस्त्रे नेण्यास परवाना लागे. परवानगीने जे होते त्याला हक्क म्हणत नाहीत. म्हणून आठ विरुद्ध सात मतांनी, म्हणजे एका मताने, हा हक्क नाकारला गेला. आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत भारताने वाट अडविली यात त्याच्या कर्तव्याचा भंग झाला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. छागलांनी आपले भिन्न मतपत्र जोडले. निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. त्यात दोन्ही बाजूंना आपापला जय वाचता आला, कारण दोन्ही बाजूंना आपापली पाने वाचावयाची होती.

इतिहासकाराचा धर्म येथे उघडा होतो. मराठी अभिमानाला सरंजाम हा शब्द पुरतो. पोर्तुगेज अभिमानाला सव्वाशे वर्षांची वहिवाट पुरते. सत्याला दोन्ही लागतात, आणि शिवाय १८७८ चा तिसरा कागदही लागतो, जो दोघांपैकी कोणाच्याच गौरवाचा नव्हे. आमच्या देशाचा दावा ज्या मुद्द्यावर तरला तो पुण्याच्या दरबारातील नव्हता. तो ब्रिटिश आमदानीतील रुक्ष कलमांचा होता. ज्याने केवळ मराठेशाहीची पाने चाळली असती, त्याच्या हाती हा मुद्दा लागलाच नसता. म्हणून स्वदेशाची सेवा करावयाची तरी पुरा कागद वाचावा लागतो, असे आम्ही म्हणतो. अर्धे वाचन हे अप्रामाणिक तर आहेच. पण ते दुबळेही आहे.

शब्दांवर भिस्त ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांनाही हाच धडा मिळाला. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिले, आणि आम्हाजवळ वसाहतीच नाहीत असे जगाला सांगितले. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या प्रांतांची यादीच पुढे ठेवली. तीत गोव्याचेही नाव होते. कागदावरचे नाव बदलले तरी वहिवाट बदलत नाही. पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १९६१ च्या ऑगस्टात दादरा व नगर हवेली भारतात रीतसर विलीन झाली, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. आणि पोर्तुगालमध्ये राज्यक्रांती झाल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने त्या देशाने हे सर्व मान्य केले. २६ जानेवारी २०२० पासून दमण, दीव, दादरा व नगर हवेली मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. ज्या वाटेसाठी हेगला वाद झाला तिच्या दोन्ही टोकांचा आज कारभार एक आहे.

आमच्या माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात वीरमरण आले. त्या काळच्या सरकारी कागदांत ते पकडावयाचे आरोपी आहेत. आमच्या घराघरांत ते हुतात्मे आहेत. इथल्या एखाद्या मुलाने उद्या त्यांचा इतिहास लिहावयास घेतला, तर आम्ही त्याला एवढेच सांगू की, घरातली आठवण आधी वयस्कर माणसांच्या वारसांकडून लिहून घे, आणि मग त्या सरकारचे कागदही शेवटपर्यंत वाच. शत्रूचा कागद वाचल्याने हुतात्म्याचे मोल कमी होत नाही. मनोरे पाडणाऱ्या मूठभर माणसांचा बंदोबस्त करण्यासाठी केवढी यंत्रणा हलवावी लागली, हे तोच कागद सांगतो.

पिसुर्लेकरांनी मराठ्यांचा इतिहास पोर्तुगेजांच्या कपाटातून काढला, पोर्तुगीजात लिहिला, आणि आयुष्याच्या अखेरीस आपल्या भाषेत आणून आपल्या हाती दिला. १९७५ साली तो इंग्रजीतही आला. शेजाऱ्याच्या घरातून आपली वस्तू परत आणावी, तसे हे काम आहे. फरक इतकाच की, येथे वस्तू आणताना तिच्याबरोबर शेजाऱ्याची बाजूही आणावी लागते.

असो. नेरळच्या कोणत्याही बांधावर उद्या वाटेचा तंटा उभा राहील आणि दोन्ही घरे आपापले कागद घेऊन कचेरीत जातील. तेथे शहाणा माणूस विचारील की, सातबारा काय म्हणतो, सनद काय म्हणते, वाट किती वर्षे चालली, आणि तिच्यावरून काय काय गेले. हे चारही प्रश्न विचारण्याआधी जो कुऱ्हाड उचलतो त्याला आपण गावात शहाणे म्हणत नाही. राष्ट्रांच्या बाबतीतही आपण तेच माप लावावे, एवढीच आमची विनंती.